भारतीय प्रवासी गाड्यांच्या प्रतिकृती: आधी इंजिन मागावे की आधी डबे?

वाडी_यार्ड

नमस्कार मंडळी. बडोद्यात रेल्वेच्या मापातल्या प्रतिकृती जमवणारे आणि घरी बनवणारे आपण जे थोडे लोक आहोत, त्यांच्यात एक प्रश्न नेहमी निघतो आणि चहा संपेपर्यंत अर्धाच राहतो, म्हणून तो येथे सविस्तर मांडतो. एखाद्या उत्पादकाने उद्या भारतीय प्रवासी गाड्यांकडे गांभीर्याने पाहायचे ठरवले, तर आपण त्याच्याकडे पहिली मागणी कशाची करावी? बहुतेकांचे उत्तर वॅप-७ हे विद्युत इंजिन किंवा वंदे भारत असे येते. माझ्या मते आधी डबे मागावेत, आणि तेही एकाच घराण्यातले, पण पुरेशा प्रकारांत.

इंजिन एक असले तरी भागते. डबे मात्र दहा-बारा असल्याशिवाय गाडी गाडीसारखी दिसत नाही. आज ज्यांनी हौसेने वॅप-४ किंवा वॅप-७ करून घेतले आहे, त्यांच्या मांडणीवर त्या इंजिनामागे बहुधा जर्मन किंवा ब्रिटिश डबे निळा रंग देऊन जोडलेले असतात. बडोद्याच्या फलाटावर उभे राहून ज्याने वर्षानुवर्षे गुजरात मेल आणि राजधानी पाहिली आहे, त्याच्या डोळ्यांना ते खुपते, कारण आपला डबा नुसता लांब नसतो, तो रुंदही असतो. एलएचबी, म्हणजे जर्मन आराखड्याच्या नव्या डब्याची रुंदी ३.२४ मीटर असते, तर युरोपातला डबा २.८ मीटरच्या आसपास भरतो. १:८७ या एचओ मापात हा फरक चार-पाच मिलिमीटरांचा होतो आणि तो कोणत्याही रंगाने झाकता येत नाही.

दुसरे कारण व्यवहाराचे आहे. प्लास्टिकच्या प्रतिकृतीत सर्वांत मोठा खर्च पोलादी साच्याचा असतो. आयसीएफ, म्हणजे जुन्या धाटणीच्या डब्यांचे घराणे पेरांबूरच्या कारखान्यात १९५५ पासून २०१८ पर्यंत बनत राहिले, आणि एवढ्या काळात त्याचे मूळ कवच फारसे बदलले नाही. छत, टोकाच्या भिंती, तळ आणि बोग्या (म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या चौकटी) यांचे साचे एकच ठेवून फक्त बाजूच्या भिंती बदलल्या, तर शयनयान, जनरल, चेअर कार आणि पँट्री एवढे प्रकार जवळजवळ त्याच गुंतवणुकीतून निघू शकतात. वातानुकूलित डब्याचे छत आणि तळाखालची यंत्रे वेगळी असतात, हे मान्य. पण तो दुसऱ्या फेरीचा प्रश्न झाला. तोच डबा जुन्या तांबूस रंगात विकता येईल, नव्वदच्या दशकानंतरच्या निळ्या रंगात विकता येईल, आणि ज्याला हवा असेल त्याला डबे सुधारण्याच्या उत्कृष्ट योजनेतल्या रंगातही देता येईल.

एलएचबी आधी की आयसीएफ आधी, याबद्दल माझा कल आयसीएफकडे आहे, पण त्यावर माझा हट्ट नाही. माप कोणते असावे, हे मात्र आधी ठरले पाहिजे, आणि त्याबद्दल आपली मते हवी आहेत.

रावपुरा_लोको

हिशेब म्हणून आपले म्हणणे पटते, पण डबा पाहून या छंदात कोणी शिरल्याचे मी अजून ऐकलेले नाही. नवा माणूस इंजिन विकत घेतो, ते घरी रुळांवर फिरवतो, आणि मगच त्याला डब्यांची आठवण होते. इंजिनच बाजारात आले नाही, तर आपले सुबक आयसीएफ डबे ओढणार कोण?

माझी मागणी डब्ल्यूसीएएम-१ या इंजिनाची आहे. तरुण मंडळींसाठी सांगतो, की पश्चिम रेल्वेवर मुंबईपासून विरारपर्यंत १५०० व्होल्ट एकदिश प्रवाह होता आणि त्यापुढे २५ हजार व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाह होता, म्हणून दोन्ही प्रवाहांवर चालणारी ही इंजिने चित्तरंजनने सत्तरच्या दशकात बांधली. मुंबई ते अहमदाबाद मार्गावरच्या किती तरी गाड्या त्यांनीच ओढल्या. २०१२ साली मुंबईकडचा भाग प्रत्यावर्ती प्रवाहावर गेला आणि त्यांचे खास प्रयोजन संपले. आमच्या पिढीला बडोद्याच्या स्थानकाची आठवण त्या इंजिनाच्या तोंडवळ्याशिवाय येत नाही.

आणि साच्याचा जो हिशेब आपण डब्यांना लावलात, तो इंजिनांनाही लागू पडतो. डब्ल्यूडीएम-२, डब्ल्यूएएम-४ आणि डब्ल्यूसीएएम-१ या तिन्ही इंजिनांखाली अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या घराण्याची, तीन आसांची (चाके जोडणाऱ्या दांड्यांची) एकाच धाटणीची बोगी आहे, जिच्यात आसांमधली अंतरे सारखी नसतात. ती बोगी आणि तिची गिअरपेटी एकदा नीट झाली, की एक डिझेल आणि दोन विद्युत इंजिने जवळजवळ त्याच यांत्रिकीवर उभी राहतात. फक्त उत्पादकाने कुठली तरी समान अंतराची तयार बोगी खाली लावून आपली बोळवण करू नये. डब्ल्यूडीएम-२ मध्ये आणखी एक सोय आहे: तिच्या सोळा सिलिंडरांच्या २५१ मालिकेच्या इंजिनाचे अमेरिकी भाऊबंद पुष्कळ असल्यामुळे प्रतिकृतीतून आवाज काढणाऱ्या डिजिटल डिकोडरसाठी त्या घराण्याचा आवाज शोधायला फार दूर जावे लागत नाही.

छोटी_लाईन

आपण दोघेही मोठ्या लाईनीचे बोलत आहात, आणि बडोद्याचे नाव जगभरच्या रेल्वेप्रेमींना ज्यामुळे ठाऊक आहे ती छोटी लाईन या यादीत कोठेच दिसत नाही. डभोई ते मियागाम हा मार्ग १८६२ साली गायकवाडी राज्यात सुरू झाला, तेव्हा त्यावरच्या गाड्या बैल ओढत असत. देशातली ही पहिली नॅरोगेज. पुढे डभोई हे एवढे मोठे नॅरोगेज जंक्शन झाले, की तेथून गाड्या अनेक दिशांना सुटत. आता त्यातले बरेच मार्ग मोठ्या लाईनीत गेले. डभोईहून चांदोदमार्गे केवडियापर्यंत जानेवारी २०२१ मध्ये ब्रॉडगेज गाड्या सुरूही झाल्या. जे रुळांवरून गेले, ते निदान टेबलावर तरी राहावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.

याची व्यावहारिक बाजूही पाहावी. आपल्या नॅरोगेजची रुंदी ७६२ मिलिमीटर आहे. १:८७ मापात ती पावणेनऊ मिलिमीटर होते, आणि एचओहून लहान अशा एन मापाचे रूळ नऊ मिलिमीटरचे असतात. म्हणजे जगभर मिळणाऱ्या एन मापाच्या यांत्रिकीवर आपल्या प्रतापनगर शेडमधले झेडडीएम-५ डिझेल इंजिन बसवता येते आणि गेजमध्ये, म्हणजे रुळांमधल्या अंतरात, पाव मिलिमीटरचाच फरक राहतो. गाडीला डबे चार-पाच पुरतात, वळणे घट्ट चालतात, आणि सदनिकेत राहणाऱ्या माणसाला प्लायवुडच्या एका फळीवर आख्खे डभोई उभे करता येते. आपल्या वीस डब्यांच्या राजधानीला जागा कोणाच्या घरी आहे, हे एकदा कळू द्यावे.

जाता जाता एक गोष्ट. छोट्या गाडीची हौस बडोद्याला नवीन नाही. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात राजघराण्यातल्या मुलांच्या शाळेकडे जाणारी एक चिमुकली रेल्वे होती, आणि त्या शाळेच्या इमारतीत आज महाराजा फत्तेसिंह संग्रहालय आहे.

नकाशाघर

मी व्यवसायाने वास्तुरचनाकार आहे आणि या छंदात मुलामुळे आले, त्यामुळे माझा मुद्दा थोडा वेगळ्या दिशेने येतो. आपण सगळे एचओ गृहीत धरून बोलत आहात. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर आहे. १:८७ मापात तिला सव्वाएकोणीस मिलिमीटर रुंदीचे रूळ लागतील, पण एचओचे रूळ साडेसोळा मिलिमीटरचेच असतात. ब्रिटिश ओओ मापात, म्हणजे १:७६ मध्ये, तफावत आणखी वाढते. तेथे बावीस मिलिमीटर हवेत आणि रूळ तेच साडेसोळाचे. रुंद डबा आणि त्याखाली अरुंद रूळ, यामुळे गाडी समोरून पाहिली की पाय जवळ घेऊन उभी राहिल्यासारखी दिसते.

आता १:१०० हे माप घेऊन पाहा. १६७६ भागिले १०० म्हणजे १६.७६. बाजारात मिळणाऱ्या साडेसोळाच्या रुळांशी फरक केवळ पाव मिलिमीटरचा, जो डोळ्यांना दिसणारही नाही. रूळ, गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे आणि आसांसकट चाके हे सगळे तयार मिळते, आणि गेज बरोबर येते. गाडीची लांबीही कमी होते: चोवीस मीटरचा एलएचबी डबा एचओमध्ये साडेसत्तावीस सेंटिमीटर होतो, तो येथे चोवीस सेंटिमीटरवर येतो. माणसे आणि झाडे कोठून आणायची, असे कोणी विचारील, तर १:१०० हे वास्तुरचनेच्या प्रतिकृतींचे नेहमीचे माप आहे आणि त्या मापाची माणसे, झाडे आणि मोटारी आमच्या कामाच्या दुकानांत मिळतात. स्थानकाच्या इमारती तर नकाशावरून थेट उतरवता येतील.

छोटी_लाईन

ताई, आपले गणित निर्दोष आहे, पण त्यात माझे डभोई बसत नाही. १:१०० मापात नॅरोगेजला ७.६ मिलिमीटर लागतात. नऊचे रूळ घेतले तर ती ९०० मिलिमीटरची लाईन होते आणि एनहूनही लहान अशा झेड मापाचे साडेसहाचे घेतले तर ६५० ची. एचओमध्ये छोटी लाईन जवळजवळ तंतोतंत बसते आणि मोठी चुकते. आपल्या मापात मोठी बसते आणि छोटी चुकते. ज्या स्थानकात दोन्ही लाईनी शेजारी होत्या, ते उभे करणाऱ्याने नेमके काय करावे?

वाडी_यार्ड

दोघांचेही मुद्दे मोलाचे आहेत. १:१०० ची कल्पना मला गणित म्हणून फार आवडली. एकट्याने सर्व काही घरी बनवणाऱ्या माणसाने ती अवश्य घ्यावी. पण येथे प्रश्न उत्पादकाकडे काय मागावे हा आहे, आणि त्या दृष्टीने मी एचओकडेच राहतो.

रुंद गेजचे देश आपण एकटे नाही. स्पेनची जुनी लाईन १६६८ मिलिमीटरची, म्हणजे आपल्यापेक्षा फक्त आठ मिलिमीटर कमी आहे, आणि तरीही स्पॅनिश गाड्यांच्या एचओ प्रतिकृती साडेसोळाच्या रुळांवर निमूटपणे चालतात. आयर्लंडची लाईन १६०० मिलिमीटरची. तेथील छंदिष्टही बहुसंख्येने तेच रूळ वापरतात, आणि ज्यांना खरे गेज हवे असते, ते त्यांच्या १:७६ मापाप्रमाणे २१ मिलिमीटरचे रूळ स्वतः घालतात. तेथे अलीकडे निघालेल्या प्रतिकृतींत चाके बाहेर सरकवता येतील अशी जागा मुद्दाम ठेवलेली असते. आपण हेच मागावे, असे मला वाटते. बोगीच्या बाजूच्या चौकटी खऱ्या रुंदीवर असाव्यात, तळाखाली आणि ब्रेकच्या भागांत चाकांना सव्वाएकोणीसपर्यंत मोकळीक असावी, आणि डबा कारखान्यातून साडेसोळाच्या चाकांवर यावा. चौकटी रुंद असल्या, की अरुंद रुळांचा दोष बाजूने पाहताना जवळजवळ नाहीसा होतो, आणि आपण गाडी समोरून फार वेळ पाहत नाही.

वळणांचाही विचार करावा. आयसीएफ आणि एलएचबी या दोन्ही डब्यांत बोग्यांच्या केंद्रांमधले अंतर पावणेपंधरा ते पंधरा मीटरांच्या दरम्यान आहे, म्हणजे एचओमध्ये सतरा सेंटिमीटर. घराघरांत असलेल्या ४३८ मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर डब्याचा मध्य आठ मिलिमीटरांहून अधिक आत सरकतो. शेजारच्या रुळावर दुसरी गाडी उभी असेल आणि दोन रुळांमधले अंतर बेताचे असेल, तर दोन्ही डबे एकमेकांना घासतील. म्हणून लांबी कापून आखूड डबे काढा, अशी सूचना काही जण करतात. तिला माझा स्पष्ट विरोध आहे. रुंदी खरी ठेवून लांबी कापली, तर डबा चौकोनी पेटी दिसू लागतो.

सावली_रोड

एचओच्या बाजूने एक मुद्दा राहून गेला. दिल्ली-मेरठ मार्गावरच्या नमो भारत गाड्या आपल्याच बडोद्याजवळच्या सावली गावातल्या कारखान्यात बनल्या, आणि तो मार्ग १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजचा आहे. मुंबई-अहमदाबाद द्रुतगती मार्गही स्टँडर्ड गेजचाच. १४३५ भागिले ८७ केले की बरोबर साडेसोळा येतात. म्हणजे बडोद्यात जन्मलेली एक प्रवासी गाडी एचओ रुळांवर कसलीही तडजोड न करता चालू शकते. शहरातल्या मुलांना ती दाखवावी, असे कोणाला का वाटू नये?

वंदे भारतबद्दल येथे थोडा तुच्छतेचा सूर दिसतो, तो मला मान्य नाही. १५ फेब्रुवारी २०१९ ला पहिली गाडी निघाली आणि आज कोणत्याही लहान मुलाला रेल्वेचे चित्र काढायला सांगितले, तर ते हेच निमुळते तोंड काढते. दिवाळीत अंगणातल्या किल्ल्याभोवती फिरवण्यासाठी मुलगा बापाकडे डब्ल्यूसीएएम-१ मागणार नाही. शिवाय ती संचगाडी, म्हणजे वेगळे इंजिन नसलेली गाडी असल्यामुळे इंजिन आणि डबे हा आपला सगळा वादच तेथे मिटतो. सोळा डब्यांची गाडी एचओमध्ये जवळजवळ साडेचार मीटरची होईल, पण आठ डब्यांची खरोखरच धावते आणि ती सव्वादोन मीटरांत मावते. चार डब्यांचा मूळ संच आणि नंतर दोन-दोन डब्यांची जोड, अशा पद्धतीने विकली तर ती मध्यमवर्गीय खिशालाही झेपेल.

रावपुरा_लोको

तुच्छता नाही हो. मात्र एवढे लक्षात घ्या, की वंदे भारतचे डबे दुसऱ्या कोणत्याही इंजिनामागे लागत नाहीत. उत्पादकाने ती काढली आणि तेथेच थांबला, तर आपल्या हाती एक शोभेची गाडी राहील आणि छंद होता तेथेच राहील. एलएचबीचा एक डबा मात्र राजधानीला लागतो, शताब्दीला लागतो आणि साध्या एक्स्प्रेसलाही लागतो. आणि एलएचबीला मधोमध कप्लर (डबे जोडणारा आकडा) असतो, बाजूचे बफर (धक्का झेलणारे दांडे) नसतात. त्यामुळे अमेरिकी पद्धतीचा, केडी कंपनीच्या कप्लरसारखा तयार कप्लर त्याला शोभून दिसतो. आयसीएफला बफर आणि स्क्रू कपलिंग दोन्ही दाखवावे लागतात, आणि घट्ट वळणावर तेच बफर अडकतात. डबेच आधी घ्यायचे असतील, तर या कारणासाठी मी एलएचबी घ्या म्हणेन.

रेझिन_डबा

उत्पादकाची वाट पाहण्याऐवजी घरी त्रिमितीय प्रिंटरवर छापून घ्या, असे अनेक जण सुचवतात, म्हणून अनुभव सांगतो. रेझिनच्या प्रिंटरवर खिडक्यांच्या कडा आणि छतावरचे झरोके सुरेख येतात, पण एचओतला आख्खा डबा लहान प्रिंटरमध्ये मावत नाही. तो दोन तुकड्यांत छापून मधला सांधा भरून घासावा लागतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पातळ भिंतीची लांब कवचे वाकतात. मी तळाला पितळेची पट्टी घालू लागल्यापासून हा त्रास आटोक्यात आला. एक-दोन डब्यांसाठी हे ठीक आहे. बारा डबे एकसारखे काढायचे म्हटले, की छंदाचे वेठबिगारीत रूपांतर होते. त्यामुळे कवच घरी होऊ शकते, पण बोगी, चाके आणि कप्लर यांचा तयार संच कोणी दिला, तर मला ती सर्वांत मोठी मदत वाटेल. पूर्ण डबा नाही जमला, तर निदान हे मागावे.

परदेशी मालावर विसंबण्यातली अडचणही सांगतो. खेळण्यांवरचा आयातकर २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के झाला आणि २०२३ मध्ये ७० टक्के, आणि मापातल्या प्रतिकृती त्याच शीर्षकाखाली धरल्या जातात. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्हही सक्तीचे आहे. हे नियम स्वस्त आणि घातक खेळण्यांसाठी केले, त्याबद्दल तक्रार नाही. पण चाळिशीतला माणूस रुळांच्या एका सांध्याचे पार्सल मागवतो, तेव्हा तोही त्याच जाळ्यात येतो. म्हणून देशातच साचा व्हावा, असे मला वाटते.

सावली_रोड

साच्याचे पैसे आधी कोण घालणार, हा प्रश्न उरतोच. ब्रिटनमध्ये रिव्होल्यूशन ट्रेन्स या प्रतिकृती काढणाऱ्या कंपनीने एन मापाची पेंडोलिनो गाडी ग्राहकांच्या आगाऊ नोंदणीवर काढली होती. नोंदणी पुरेशी झाली तरच साचा, नाही तर पैसे परत, अशी लेखी अट असेल तर मी पहिल्या दिवशी नाव देईन. मात्र गाडी एकच ठरवावी लागेल. प्रत्येकाने आपापली लाडकी मागितली, तर कोणाचीच नोंदणी भरणार नाही.

नकाशाघर

मी १:१०० चा आग्रह सोडत नाही; माझ्या घरची मांडणी त्याच मापात होईल. पण सामाईक मागणी एचओचीच जाणार असेल, तर डब्याचे रेखाटन मी करून देते. रेखाटन संगणकावर खऱ्या मापात केले, की ते कोणत्याही प्रमाणात छापता येते, आणि माझेही काम त्यातच होऊन जाईल. फक्त कोणता डबा, ते सांगा.

वाडी_यार्ड

ताई, आभारी आहे. रावपुऱ्याच्या काकांचा कप्लरचा मुद्दा वजनदार आहे, तरीही माझे मत आयसीएफच्या बिगरवातानुकूलित शयनयानाला आहे. तो डबा जुन्या डब्ल्यूडीएम-२ मागे चालतो, काकांच्या डब्ल्यूसीएएम-१ मागे चालतो आणि वॅप-७ मागेही चालतो. एलएचबी मात्र मागच्या काळात नेता येत नाही. बाजूचे कवच २१.३४ मीटर धरावे, बोगीतल्या दोन आसांमधले अंतर २.८९६ मीटर. बोगीचा संच वेगळा विकला जावा, ही रेझिन_डबा यांची सूचना मागणीपत्रात पहिल्या क्रमांकावर घालतो. छोट्या लाईनीसाठी वेगळे पत्र करावे, कारण तिचा ग्राहक परदेशातही आहे आणि तिला आपल्या नोंदणीची वाट पाहायला लावण्याचे कारण नाही.

रेखाटन सुरू होण्याआधी खिडक्यांच्या आडव्या गजांचे काय करायचे, ते ठरवावे लागेल. शयनयानाचा चेहरा त्या गजांवरच आहे, आणि एचओमध्ये खरा गज दशांश मिलिमीटरच्या घरात जातो. एवढा बारीक गज प्लास्टिकच्या साच्यातून येणार नाही.

रेझिन_डबा

रेझिनमध्येही येत नाही. छापला तरी आधार काढताना तुटतो. पारदर्शक पट्टीवर रेघा छापल्या तर खिडकी बंद काचेची दिसते. माझ्या मते पातळ पितळी पत्र्यावर आम्लाने कोरून घ्यावा आणि भिंतीच्या आतून चिकटवण्यासाठी भोवती चौकट ठेवावी. गज खऱ्या मापापेक्षा थोडा जाड राहील, पण उघडी खिडकी उघडीच दिसेल. आपत्कालीन खिडकीला गज नसतात, तेवढे रेखाटनात विसरू नये.